आधी उस्ताद

निश्चल यंत्राच्या झटक्यानं आजवर एकही माणूस दगावलेला नाही. ही जाहिरात आहे आणि ती खरी आहे. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. खोटं बोलणाऱ्याचा मला राग येतो, पण अर्धं खरं बोलणाऱ्याचा त्याहून जास्त येतो, कारण त्याला कान धरून बाकावर उभं करता येत नाही.

या यंत्राचा सगळ्यात भक्कम पुरावा माझ्याच घरात राहतो. विलास दुधाळ, पोलीस प्रशिक्षण केंद्रात कवायत शिकवणारे निदेशक. अशा माणसाला पोलिसांत उस्ताद म्हणतात, आणि आमचे उस्ताद इतकी वर्षं उस्ताद आहेत की भाजीवालीसुद्धा त्यांना त्याच नावानं हाक मारते. घरात मी अहो म्हणते. इथे मात्र मीही उस्तादच म्हणणार आहे, कारण जे झालं ते त्या उस्तादपणामुळे झालं.

आधी यंत्राबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दिसायला ते जाडसर विजेरीसारखं असतं. खटका दाबला की दोन बारीक तारा सुटतात. त्यांच्या टोकांना गळासारखे आकडे असतात, ते कपड्यातून कातडीत रुततात आणि तारांतून विजेचे ठोके जायला लागतात, सेकंदाला वीसेक. आपला मेंदू स्नायूंना हुकूम देतो तोही विजेचाच, पण फार हळू आवाजात. इथे बाहेरून कोणीतरी ओरडून हुकूम देतं आणि आतला आवाज बुडतो. अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात. माणूस शुद्धीत असतो, त्याला सगळं कळत असतं, आणि तो लाकडाच्या ओंडक्यासारखा पडतो.

जुन्या यंत्रांत एक धोका होता. विजेचा ठोका नको त्या क्षणी हृदयावर पडला तर हृदय नुसतं थरथरत राहायचं आणि माणूस जायचा. निश्चलनं तो धोका काढून टाकला. हे यंत्र हृदयाचे ठोके ऐकत असतं आणि प्रत्येक ठोक्यातला नाजूक क्षण तेवढा वगळतं. झटका संपला की त्याच्या पाठीवर हिरवा दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ एवढाच, की हृदय ताळ्यावर आहे. नियमावली करणाऱ्यांनी मात्र लिहिलं की हिरवा दिवा लागल्यावर संबंधित व्यक्ती जबाब देण्यास तंदुरुस्त समजावी. हृदय मोजणाऱ्या यंत्रानं डोक्याचा दाखला दिला आणि एवढ्या शिकलेल्या मंडळींत कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मरण नाही म्हटल्यावर मग धरबंधही राहिला नाही. पूर्वी काठी चालवली तर पोलिसाला का चालवली ते सांगावं लागायचं. काठीचा वळ दिसतो, कोणीतरी त्याचा फोटो काढतं. झटक्याचे राहतात ते दोन बारीक ठिपके, डास चावल्यासारखे. केंद्रातल्या पोरांनी या यंत्राचं नाव गुदगुली ठेवलं होतं.

आता रीत सांगते. जो झटका देणार, त्यानं तो एकदा स्वतः खाल्लेला असला पाहिजे, असा केंद्राचा नियम. नियम चांगलाच आहे. पण उस्तादांनी त्यात आपली भर घातली. पहिल्याच बॅचला पोरं चाचरत होती, तेव्हा हे पुढे झाले आणि म्हणाले, "आधी उस्ताद." मैदानात गादी टाकली, दोन पोरांनी दंड धरले, आणि यांनी झटका घेतला. उठून अंग झटकलं आणि नियमावलीतलं यंत्राचं अख्खं प्रकरण तोंडपाठ म्हणून दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून प्रत्येक बॅचच्या आधी उस्ताद. बदली होऊन गेलेले अधिकारीसुद्धा तो तमाशा बघायला यायचे. कंपनीनं यांचा फोटो पोस्टरवर छापला. खाली लिहिलं होतं, 'प्रत्येक तुकडीबरोबर, आजही ठणठणीत.'

घरी जे यायचं ते पोस्टरवर मावणारं नव्हतं.

झटक्याच्या दुसऱ्या दिवशी यांची लघवी काळ्या चहासारखी व्हायची. आवळलेले स्नायू आतून फाटतात आणि तो कचरा मूत्रपिंडांना उपसावा लागतो. पाठीचे दोन मणके चेपले होते. वर्दीची पँट खाली लोळायला लागली तेव्हा हे शिंप्यावर चिडले. पँट लांब झाली नव्हती, माणूस आखूड झाला होता, पण हे मी बोलायची सोय नव्हती. कुकरची शिट्टी झाली की हे भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. आणि शब्द. सकाळी सांगितलेलं दुपारी नसायचं. मुलीचा कोचीनहून फोन यायचा, हे तिच्याशी हसून बोलायचे, आणि फोन ठेवल्यावर तासाभरानं मला विचारायचे, "पोरगीचा फोन न्हाई आला बरेच दिवसात?"

जुनं सगळं शाबूत होतं, हीच त्यातली मेख. कवायतीचे हुकूम, नियमावली, पहिल्या बॅचमधल्या पोरांची गावं. त्यामुळे मैदानावर कोणाला काही कळत नव्हतं. उस्ताद तिथे जुन्यावरच चालायचे.

मी त्यांना पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी छान समजावलं. म्हणाले, झटका म्हणजे अंगातल्या सगळ्या मज्जातंतूंनी मेंदूत एकाच वेळी केलेला गलका. त्यानंतर साधारण तासभर मेंदू नवीन काही नोंदवू शकत नाही, आणि कोणी काही सुचवलं तर ते तपासूही शकत नाही. हो म्हणणं सोपं असतं, म्हणून माणूस हो म्हणतो. निरोगी माणूस त्यातून बाहेर येतो. पण पुनःपुन्हा झालं तर आधीचं अर्धंच भरलेलं असताना वर नवीन बसतं. मग जिथे आठवण नाही तिथे मेंदू मिळेल ते भरतो, आणि स्वतःच्या तोंडून निघालेलं वाक्य त्याला सगळ्यात विश्वासाचं वाटतं. एवढं सांगून डॉक्टर म्हणाले, "आता एकही झटका नको." उस्ताद गाडीत बसताना मला म्हणाले, "पोरगा हुशार हाय, पण घाबरट हाय."

मी भांडले. रडले. शिरोळे साहेबांना, म्हणजे केंद्राच्या प्राचार्यांना, जाऊन भेटले. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "वहिनी, उस्ताद स्वतःहून घेतात. मी कसा नाही म्हणू? त्यांचा मान आहे तो."

अशात एका रविवारी दीपाली वाघचौरे घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता सरकारी दवाखान्यात औषधं देते. तिचा धाकटा भाऊ नितेश पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला गेला होता. ऐन वेळी चाचणी रद्द झाली, पोरं भडकली, आणि डेपोजवळ उभी असलेली एक रिकामी बस कोणीतरी पेटवली. धरपकडीत नितेशला झटका बसला. ऊठ म्हटल्यावर उठला नाही म्हणून दुसरा दिला, तरी उठला नाही म्हणून तिसरा. आवळलेला माणूस उठणार कसा, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग हिरवा दिवा लागला, आणि त्या दिव्याच्या उजेडात नितेशनं जबाब दिला, की बस मीच पेटवली.

"बाई, तो टाकीवर पाणी प्यायला गेलेला. डेपो केवढा लांब तिथून," दीपाली म्हणाली. "पण आता त्यालाच खात्री नाही हो. तुरुंगात भेटायला गेले तर म्हणतो, दीपे, मी केलं असेल गं."

"वकील काय म्हणतात?"

"मोमीन वकिलांनी सरकारनं नेमलेल्या चौकशी समितीपुढे मांडलंय की झटक्यानंतरचा जबाब धरू नये. खात्याकडून साक्षीला एकच माणूस आहे." तिनं मान खाली घातली. "आपले उस्ताद."

मला ते माहीत होतं. वर्दी इस्त्रीला मीच दिली होती.

"बाई, तुम्ही त्यांना सांगा ना. फक्त खरं बोला म्हणावं."

आता मी काय सांगणार होते? उस्ताद खोटं बोलणारच नव्हते. यंत्रानं काही होत नाही हे त्यांना मनापासून खरं वाटत होतं, कारण जे झालं होतं ते ओळखायला लागणारा मेंदूचा भागच त्यात गेला होता. डॉक्टरांना साक्षीला बोलावलं असतं, तर खात्यानं त्यांच्याविरुद्ध दुसरे चार डॉक्टर उभे केले असते. मी दीपालीच्या रडवेल्या चेहऱ्याकडे पाहत बसले. नितेश सुटला नाही तर त्याची सगळी तरणी वर्षं आत जाणार होती. आणि समितीच्या बैठकीनंतरच्या सोमवारी केंद्रात नवी बॅच येणार होती. उस्ताद झटका घेणारच होते, मी दारात आडवी पडले असते तरी. मग तो कोणाच्या तरी कामी का येऊ नये?

"त्यांना वादात नका ओढू," मी म्हणाले. "वकिलांना सांग, म्हणावं, उस्ताद, एक घेऊन दाखवा. ते नाही म्हणणार नाहीत. मग पोलिसांनी नितेशला विचारले तेच प्रश्न विचारा. पण एकच झटका, दीपाली. एकच."

"बाई, पण उस्तादांना काही..."

"एकच," मी म्हणाले.

समितीची बैठक कलेक्टर कचेरीच्या सभागृहात होती. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीशबाई. उस्ताद कडक वर्दीत आले, सलाम ठोकला. खात्याच्या वकिलांनी विचारलं आणि यांनी सगळी नियमावली खणखणीत आवाजात म्हटली, कुठे अडखळले नाहीत. मागे बसलेले त्यांचे जुने रिक्रूट अभिमानानं एकमेकांकडे पाहत होते. खरं सांगते, मलाही वाटला अभिमान.

मग मोमीन उठले. "उस्ताद, झटका घेतल्यावर डोकं जाग्यावर असतं?"

"हिरवा दिवा लागला की असतं."

"आत्ता घेऊन दाखवाल?"

खात्याचे वकील हरकत घ्यायला उभे राहिले आणि तसेच घुटमळले. त्यांनी शिरोळे साहेबांकडे पाहिलं. साहेबांची पंचाईत झाली. नको म्हणावं तर यंत्रात धोका आहे असं होतं, आणि धोका नाही हे सांगायलाच तर ते आले होते. उस्ताद तोवर खिशातली शिट्टी काढून टेबलावर ठेवत होते. "गादी न्हाई हितं," ते म्हणाले, "दोन सतरंज्या टाका. आधी उस्ताद."

लोक हसले. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांना बोलावलं. सतरंज्या आल्या. खात्यानं दाखवायला आणलेलं यंत्र एका हवालदारानं हातात घेतलं.

"एक बाब स्पष्ट करतो," मोमीन म्हणाले. "नितेश वाघचौरेला तीन दिले होते. परीक्षा सारखी हवी."

मी दीपालीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. उस्ताद म्हणाले, "तीन काय, पाच द्या की."

मी उठू शकले असते. पुण्याच्या डॉक्टरांचं एक वाक्य बोलले असते तरी अध्यक्षबाईंनी तिथेच थांबवलं असतं. पण मग नितेश आतच राहिला असता. मी खुर्चीचा हात धरून बसले. पहिल्या झटक्याला उस्ताद नेहमीसारखे पडले. दुसऱ्याला त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी कधी ऐकला नव्हता. तिसऱ्याला मी उठले, "पुरे" म्हणाले, पण तोवर तो होऊन गेला होता.

हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी नाडी बघून मान हलवली. उस्तादांना खुर्चीत बसवलं. मोमीनांनी पोलिसांचाच प्रश्नांचा कागद हातात घेतला आणि आवाज न चढवता विचारायला सुरुवात केली.

"त्या दिवशी तुम्ही डेपोपाशी होता?"

"होय साहेब."

"बस उभी होती?"

"होय साहेब."

"हातात बाटली होती? पेट्रोलची?"

"होय."

"बस तुम्ही पेटवलीत?"

उस्ताद कपाळाला आठी घालून आठवण्याचा प्रयत्न करत होते, वर्गातली शहाणी मुलं करतात तसा. "होय साहेब. मीच," ते म्हणाले. आणि कोणी विचारलं नसताना पुढे म्हणाले, "पहिली काडी ओली निघाली. दुसरीनं पेटली."

जुने रिक्रूट खाली बघत होते. खात्याच्या वकिलांनी चहाची सुट्टी मागितली.

नितेशचा जबाब रद्द झाला आणि तो सुटला. पेपरात मोमीनांचा फोटो आला. समितीनं शिफारस केली आणि सरकारनं लगेच मान्यही केली, की झटक्यानंतर तासभर थांबून मगच जबाब घ्यावा. कंपनीनं यंत्राची नवी आवृत्ती काढली. तिच्यात हिरव्याच्या शेजारी पिवळा दिवा असतो, तो तासाभरानं विझतो. यंत्र बंद झालं नाही. उलट आता ते शेजारच्या दोन राज्यांनीही घेतलंय, कारण न्यायाची काळजी घेणारं यंत्र म्हणून त्याचं नाव झालं. पिवळा दिवा माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर पेटलाय असं मी शिरोळे साहेबांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, "वहिनी, उस्तादांचं योगदान खातं विसरणार नाही." त्या सोमवारच्या बॅचला नव्या निदेशकानं झटका घेतला. पोरं म्हणे ओरडली, 'आधी उस्ताद.' यांच्या मानासाठी ती रीत केंद्रानं पुढे चालू ठेवली आहे.

उस्ताद त्या सभागृहातून पुरते परत आलेच नाहीत. समिती, सतरंजी, मोमीन, यातलं त्यांना काही आठवत नाही. आठवते ती फक्त बस. रोज सकाळी ते दाढी करून, वर्दी घालून पोलीस ठाण्यात हजर व्हायला निघतात. ठाण्यातली पोरं त्यांचीच शिकवलेली. ती त्यांना खुर्ची देतात, चहा देतात आणि मला फोन करतात. मी जाऊन घेऊन येते. वाटेत ते मला समजावतात की वर्दीतल्या माणसानं असं करायला नको होतं. मी 'तुम्ही काही केलं नाही' म्हटलं, की ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं दुःखी पाहिलं नव्हतं, आणि ते दुःख मीच आणलंय. नितेशसाठी आणलं, हे स्वतःला सांगून बघते. कधी पुरतं, कधी नाही.

मागच्या आठवड्यात दीपाली नितेशला घेऊन आली. वकिलांना एकच झटका सांगितला होता का नव्हता, हे मी तिला विचारणार होते. विचारलं नाही. तिनं सांगितलं असेल तर मला मोमीनांचा राग करावा लागला असता, आणि नसेल तर तिचा. एवढा राग माझ्यात आता शिल्लक नाही.

नितेश दारात चपला काढून उभा राहिला. उंचापुरा पोरगा. बसायला सांगितलं तर आधी बहिणीकडे बघायचा. काय करतोस म्हटलं, तर म्हणाला, "ते... काय म्हणतात... दुकानात." शब्द शोधता शोधता दमला.

उस्ताद आतून आले. हा कोण ते मी सांगितलं. ते त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आयुष्यभर ज्यांनी पोरांकडून सलाम घेतले, ते.

"तू माझ्यासाठी आत बसलास," ते म्हणाले. "बस मी पेटवली बाळा. माफ कर मला."

नितेश घाबरून उठला. "नाही उस्ताद, असं नका करू. मीच केलं असेल."

"तू न्हाईस. मला काडी आठवतीय."

"मलापण वास आठवतो," नितेश म्हणाला. "पेट्रोलचा."

दोघं समोरासमोर बसले. दीपाली पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. बस खरोखर कोणी पेटवली हे आजपर्यंत कोणी शोधलेलं नाही, शोधायची आता कोणाला गरजही वाटत नाही. उस्तादांनी हळूच विचारलं, "आत कोणी होतं का रे?"

"नसावं," नितेश म्हणाला. "मीही तोच विचार करत असतो."

मला राहवलं नाही. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि शाळेत सांगते तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की बस रिकामी होती, तुम्ही तिथे नव्हता, हाही नव्हता, तुम्ही दोघांनीही काहीही केलेलं नाही. कळलं का? दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उस्ताद नितेशकडे झुकून हळू आवाजात म्हणाले, "हो म्हण. तिला बरं वाटंल."

"होय बाई," नितेश म्हणाला.